फाइलबाहेर

तुझी फाइल मी मार्चमध्येच ओव्हाळ मॅडमकडे दिली.
कारणाच्या रकान्यात लिहिलं : कामाचा ताण.
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, सही केली,
म्हणाल्या, "ताणानं कान एवढे लाल होतात का गं?"

त्याआधी तू वीस रविवार होतास,
समितीनं ठोठावलेले.
पंचाच्या अंगावर धावून गेलास म्हणून
तुर्भ्याच्या दगडखाणीतल्या पोरांना हॉकी शिकवायची,
हजेरी माझ्या वहीत.
पहिल्याच रविवारी उशिरा आलास,
तोंडाला वेलचीचा वास
आणि वेलचीच्या खाली दुसरा.
मीही दिवाळ्याच्या कोळीवाड्यातली आहे, एलिया.
वास झाकायला कोण काय खातं
हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक.

पोरांकडे खराट्याचे दांडे, पाइपाचे तुकडे.
तू सांगत होतास, मॅचच्या आधी टर्फवर पाणी मारतात,
हजारो लिटर,
चेंडू सरळ पळावा म्हणून.
सोनी ऐकत होती, कडेवर रिकामा हंडा.
"मग त्या पाण्याला लाइन लागते का?"
तुला उत्तर सुचलं नाही.
पुढच्या रविवारी वेलची नव्हती.
मी 'प्रगती' असं नोंदवलं.
त्याच्या पुढच्या रविवारी होती.
तेही नोंदवलं.

नोंदवलं नाही ते असं :
उजव्या हाताची करंगळी, वाकडीच जुळलेली.
सुक्या बोंबलाची चटणी खडकीच्या माणसाला
डोळ्यांत पाणी आणून झेपली, ते.
आणि सानपाड्याच्या पुलाखाली
रिक्षा मिळत नव्हती तेव्हा तू बोललास ते.
सरावातला पेनल्टी कॉर्नर,
समोरून धावत आलेला एकोणीस वर्षांचा पोरगा,
तुझी फ्लिक,
त्याचा डावा डोळा.
"लोक विचारतात आवाज कसा होता," तू म्हणालास.
"आवाज नव्हताच."
तू दर महिन्याला त्याला पैसे पाठवतोस.
तो दर महिन्याला परत पाठवतो.

वरून गाड्या जात राहिल्या.
मला शिकवलेलं सगळं आठवलं :
ऐका. सल्ला देऊ नका. हात धरू नका.
मी त्यातले दोन पाळले.
सोमवारी ओव्हाळ मॅडमच्या टेबलापाशी उभी होते.

वीस संपले आणि तू एकविसाव्या रविवारी आलास.
संध्याकाळी जेट्टीवर बाबांनी विचारलं,
"हाकीत काय सुटतं महिन्याला?"
तू खरं सांगितलंस. सध्या काही नाही.
बाबा बराच वेळ जाळ्याला गाठी मारत बसले,
मग दुसरी सुई तुझ्यापुढे सरकवली.
तुझ्या गाठी अजून सुटतात.
ते रात्री गुपचूप परत बांधतात.

काल मात्र तू म्हणालास,
"तू थांबव, मी मारतो."
गोल म्हणजे सिमेंटच्या दोन गोण्या.
गोलात कोणी नाही, समोरून धावणारं कोणी नाही,
तू तीनदा जाऊन बघून आलास.
सोनीनं चेंडू ढकलला.
मी वाकले, स्टिक आडवी टाकली,
खडी बोटांना लागली, आणि थांबला.
तुझी सावली त्याच्यावर आली.
मी मान वर केली नाही.
तुझा श्वास मोजत होते,
नऊपर्यंत आले होते

तेवढ्यात रस्त्यावरून भोंगा.
पोरं दांडे टाकून पळाली,
एक गोणीसुद्धा कुणीतरी उचलून नेली,
धूळ, कॅनांचा खडखडाट.
धूळ खाली बसली तेव्हा चेंडू तिथेच होता.
तू नव्हतास.
तू रांगेत होतास, चार घरांचे चार कॅन घेऊन,
वाकडी करंगळी कडीत अडकवून,
आणि सोनी तुला बजावत होती,
मध्ये घुसायचं नाही.

घरी येऊन वही उघडली. सवय.
लिहिलं : टँकर साडेपाचला आला.