आरशातला टाका

भुसावळला मे महिन्यात
सावलीचंसुद्धा अंग भाजतं.
त्यात आम्ही शेडचे पंखे बंद करतो.
झुळूक आली की आर्गन उडतो,
आर्गन उडाला की टाक्यात हवा शिरते.
केळीच्या घडाला पिशवी घालतात ना,
तसा हा वायू वितळत्या धातूवर धरायचा, पोरांनो.

पंधरा जण आले होते.
लोटन बडगुजर, पाच वर्षं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडलेला.
गुलसिंग पावरा, जो हजेरीलाही मानच हलवायचा.
चुडामण भंगाळे, ज्याला वाटलं नोकरी रेल्वेत आहे.
आणि यावलच्या वरच्या पाड्यावरची शबनूर तडवी,
बसचा पास दातांत धरून
हातमोजे चढवणारी.

मी फळ्यावर पाणबुडी काढली.
भरताच्या वांग्यासारखी झाली.
हसले सगळे.
म्हटलं, हसा.
हे वांगं महिनोन्‌महिने पाण्याखाली राहतं,
श्वासाला वर येत नाही.
पोटात अणुभट्टी आहे,
आणि भिंतीपलीकडे कुणी स्वयंपाकी
शंभर माणसांची कणीक मळतोय.
त्या दोघांच्या मध्ये
तुमचा टाका.

कोपऱ्यातली नळी अशी बसते
की डोळा तिच्यामागे जातच नाही.
तिथं दातांच्या डॉक्टरसारखा आरसा लावायचा
आणि आरशात बघून जोडायचं.
डावं उजवं होतं,
जवळ आणावा तर हात लांब जातो.
पहिला आठवडा नुसते चटके.
शबनूर म्हणाली, सर, आमच्याकडे एकच आरसा,
चुलीच्या वर टांगलेला.
भाकरी थापता थापता
दारात कोण आलं ते मी त्यातच बघते.

दुसऱ्या दिवशी मी दीपनगरची गोष्ट सांगतो.
पहिल्या दिवशी कुणी ऐकत नाही.
बावीस वर्षं बॉयलरच्या नळ्या जोडल्या,
एका टाक्यात सुईच्या टोकाएवढं छिद्र राहिलं.
मला ठाऊक होतं.
पाळी संपत आली होती.
वरून एक पदर चढवला, घासून चकचकीत केला.
नवव्या दिवशी वाफ सुटली.
मेलं कुणी नाही.
गावंच्या गावं रात्रभर अंधारात,
आणि चौकशीत मी गप्प.

परीक्षेच्या फिल्म धुऊन आल्या.
शबनूरची प्लेट स्वच्छ.
तपासनीस शिक्का उचलणार, तेवढ्यात म्हणाली,
थांबा.
मधल्या पदरात हात अडखळला होता माझा.
फिल्मला दिसलं नसेल,
हाताला आठवतंय.
कापली प्लेट.
आत काहीच निघालं नाही.
तपासनीस चिडले, प्लेट गेली, दिवस गेला.
मग यादीत तिचं नाव सगळ्यात वर लिहिलं
आणि चहा मागवला.

पंधरातले चार लागले.
लोटन परत ट्रॉल्यांकडे गेला.
आता त्याचा टाका इतका देखणा येतो
की गिऱ्हाईक विचारतं,
भाऊ, शेणखतच भरायचंय, एवढं कशाला?

चौकशीला हवालदार पाड्यावर आला,
तर अख्खा पाडा गोळा.
पोरीनं काय केलं व माय?
त्यालाही नीट सांगता येईना.
म्हणाला, काही केलेलं नाही,
म्हणूनच तर आलोय.

आता रविवारी तिचा फोन येतो.
काम काय, ते ती सांगत नाही, मी विचारत नाही.
कळण्याचं पीठ मिळत नाही, म्हणते.
पगारातून घरावर पत्रे टाकले, म्हणते.
गुलसिंग आता बोलायला लागलाय, तेही तेलुगूत.

मी उभ्या जन्मात समुद्र पाहिला नाही.
तापीच्या पुलावरून तिचं पाणी जाताना पाहिलंय,
तेवढीच ओळख.
परवा न राहवून विचारलं,
कसा असतो गं समुद्र?
पलीकडे ग्राइंडर सुरू होता.
तो थांबेपर्यंत ती थांबली.
म्हणाली, अजून नाही पाहिला, सर.
शेडला खिडक्या नाहीत.