प्रेताचं काम

चंगनाशेरीत पाचवा भाग लागलाय.
खुनी कोण, मरियाक्कुट्टीला पाठ आहे.
सोमवारपासून रोज मॅटिनीला येते,
राजेळी केळ्यांची पिशवी पायाशी ठेवून.

रबराच्या गोदामात गुप्तहेर चादर उचलतो.
पोरं शिट्ट्या मारतात, त्याच्यासाठी.
चादरीखाली तिचा औतक्कुट्टी,
पाचही भागांतलं प्रेत, दरवेळी नवं नाव:
विहिरीत, होडीत, एकदा चर्चच्या माळ्यावर.
"मेलेल्याला संवाद पाठ करावे लागत नाहीत,"
म्हणायचा.

गुप्तहेर अंगठ्यावरचा घट्टा बघतो,
सुतार ओळखतो.
बाकी काही त्याच्या नजरेत येत नाही.

तिला दिसतं
शर्टाचं तिसरं बटण
किंचित वर आलेलं.
सगळ्यांच्या हातून निसटून
पडद्यावर राहिलेला श्वास.

चित्रीकरण संपलं आणि महिन्याभरात
तो खरंच गेला.

ती पिशवी उचलते.
मध्यंतराला अजून वेळ आहे.