खालच्या खोलीतलं रजिस्टर

रात्रपाळी संपली की मी थेट घरी जात नाही.
उदगीरला, नळेगाव रोडच्या कडेला, मुखीदभाईचा गेमिंग कॅफे:
शटर अर्धं खाली, तीन मशीन,
एका खुर्चीला विटेचा पाय.
तासाला वीस रुपये. मला पंधरा,
कारण त्याच्या अम्मीसाठी मी दोन बाटल्या शोधल्या होत्या,
ओ निगेटिव्ह, ऐन पोळ्याच्या दिवशी.

गेममध्ये एक गाव आहे, व्हेलमार.
सगळे तिथून घोडा दामटत पुढं जातात.
मिळण्यासारखं काही नाही. दोन कोंबड्या,
एक कोरडी बारव,
आणि एक म्हातारा, येईल त्याला सांगणारा,
"पहिल्या हाकेला ओ देऊ नका."
माझी आत्याही हेच सांगायची.
म्हणून उतरलो घोड्यावरून.

बारवेच्या एकोणीस पायऱ्या.
विसावी पाण्याखाली असायची.
पाणी नव्हतं, तिथं दार होतं.

मला वाटलं, शवपेटी असेल, वटवाघळं,
असतात तशी.
होतं एक टेबल. वातीचा दिवा. एक रजिस्टर.

तिची इंग्रजी जुनी, माझी डीएमएलटीची.
अडलं की मुखीदभाईला विचारायचो,
तो झोपेत कायबी अर्थ सांगायचा.
त्यामुळं ती बाई आता माझ्या डोक्यात
आमच्याच बोलीत बोलते:

*कुंभाराची धाकटी. अर्धी वाटी. हात गार लागला, जास्त घेतलं नाही.*
*लोहाराचा थोरला. वाटीभर. हसत होता येडं.*
*गुराख्याची बायको. पोटुशी हाय. माघारी धाडली.*

गावानंच बोलावलं होतं तिला.
बारव आटली त्या साली पंच उंबऱ्यावर उभे राहिले
आणि "ये आत" म्हणाले.
म्हटल्याशिवाय तिच्या जातीला आत येता येत नाही.
तिला खालचं वाहतं ऐकू यायचं,
दगडातलं असो की मनगटातलं.
आमच्याकडं पाणाडी तळहातावर नारळ ठेवून फिरतो,
ती कान टेकवायची.
पाणी दाखवायची. बदल्यात वाटी.
दोनशे वर्षं हिशोब चोख.

मग पाणी भरपूर झालं
आणि एका दुपारी, ती झोपेत असताना,
दार चिणलं.

पुढची पानं नुसती पावलांची.
*वर कुणी नवं आलंय. लंगडतंय.*
*नाव ठावं नाही.*
*नाव ठावं नसलेल्याचं मी पीत नाही.*

शाई इथं फिकट. मग कोरं. कोरं. कोरं.

माझंही रजिस्टर आहे.
बाटली क्रमांक, गट, वेळ, सही.
परवा भाऊंच्या वाढदिवसाचं शिबिर झालं,
एकशे बारा बाटल्या, प्रत्येकाला एक टिफिन.
शेवटच्या पोराला चक्कर आली
तेव्हा मंडपात फटाके लागले होते.
त्याचा चेहरा आठवायचा म्हटलं
तर टिफिनचा निळा रंग आठवतो.

स्क्रीनवर चिणलेली भिंत, तिला एक भेग.
काम काय करायचं ते वर कोपऱ्यात लिहिलेलं:
मारा. नऊशे नाणी. चांदीची तलवार.
भेगेतून एकच शब्द आला.
नाव?

मी खेळतो त्या गड्याचं नाव
घाईत बोटाखाली आलेली चार अक्षरं आहे,
कुणाला उच्चारताही येणार नाही.
तलवार म्यान करायचं बटण कोणतं
हे मला त्या दिवशी पहिल्यांदा शोधावं लागलं.

"मरी क्या?" मुखीदभाईनं शटर वर ढकलत विचारलं.
उजेड गुडघ्यापर्यंत आला.
मी पंधरा रुपये ठेवले.

संध्याकाळी कामावर एकजण आला,
वीटभट्टीवरचा, बी पॉझिटिव्ह, पुतणीसाठी.
सुई लावण्याआधी नाव विचारलं.
"सटवाजी," म्हणाला, आणि मग, कुणी विचारलं नसताना,
"धाकटी हाय वो, कावेरी. पाचवीला."

रकाना नव्हता.
समासात पेन्सिलीनं लिहिलं:
हात गार.