सतरावं पान

जानेवारीत यायचे सगळे, टाइपरायटर छातीशी धरून,
ब्लँकेटात गुंडाळलेला,
लेकराला लस टोचायला आणावं तसे.
ब्रायलाची मिलिशिया कचेरी, दुसरा मजला, डावीकडचं दार,
दारामागे टेबल, टेबलामागे मी.
बसा, म्हणायचो. टंका.
आधी सगळी अक्षरं, मग आकडे, मग ठरलेला उतारा,
ज्यात गहू दरवर्षी विक्रमी पिकायचा.
(खिडकीतून बेकरीची रांग दिसायची.
मी पडदा ओढून घ्यायचो, उन्हाचं निमित्त करून. जानेवारीत.)

माणूस खोटं बोलतो, मशीन बोलत नाही,
असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं.
कुणाचा 'र' लंगडतो, कुणाच्या 'ओ'च्या पोटात शाई साचते.
एक वेळ सख्खा भाऊ फितूर होणार नाही, अक्षर होतं.
शब्द वाचायचे नाहीत, हेही शिकवलं होतं.
भिंगाखाली शब्द मावतच नाही म्हणा,
एका वेळी एकच अक्षर, तेही किड्यासारखं.
चार वर्षं मी काही वाचलं नाही.
नुसतं पाहिलं.

वेतुरिया डोब्रे. मासळी कारखान्यात हिशेबनीस.
मशीन वडिलांची.
आमच्या 'श'च्या पायाशी एक स्वल्पविराम लोंबतो,
तिच्या मशीनवर त्याची शेपटी मोडलेली,
ठिपका तेवढा उरलेला, डास चिरडावा तसा.
तिच्या कार्डावर त्याच्याभोवती तांबडा गोल
मीच काढला होता.

मग फेब्रुवारीत ते पान आलं,
गलात्सीच्या बसमध्ये सीटखाली सापडलेलं.
एकच. वर आकडा सतरा.
पाचवी नाहीतर सहावी कार्बन प्रत,
इतकी पुसट की भिंग चालेना.
अक्षर ओळखायला शब्द लावावा लागला,
शब्दाला वाक्य,
आणि मी एकदम नदीवर होतो.

डॅन्यूब गोठलेली. एक माणूस बैल घेऊन निघालाय बर्फावरून.
का, ते सोळाव्या पानावर असणार.
खुरांना त्याने पोत्याची फडकी बांधलीत, घसरू नये म्हणून.
मधोमध आल्यावर बर्फ करकरतो.
माणूस थांबतो.
बैल थांबत नाही. बैल मान वळवून
आणि पान संपतं.

यात बंदी घालण्यासारखं काय, मला आजही सांगता येणार नाही.
पक्ष नव्हता, पुढारी नव्हता. बैल होता.
कदाचित बैलाचं न थांबणं.

तीनदा वाचलं. बारा 'श' होते त्यात, बारा ठिपके.
समोर कार्ड. कार्डावर तांबडा गोल.
मी शेरा लिहिला: जुळत नाही.

धाडस वगैरे म्हणू नका.
नात म्हणते कधीकधी, शाळेत सांगून आली होती,
मी तिच्यावर ओरडलो.
अठरावं पान हवं होतं मला, इतकंच.
टंकणारा हात धरला तर पुढचं पान येणार कुठून?

आलं नाही.
त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही.
लोक सीटखाली बघून उतरायला शिकले असावेत.
जानेवारीत ती यायची, गव्हाचा उतारा टंकायची,
मी तिच्या बोटांकडे पाहत राहायचो,
चुकून तरी बैल उमटेल म्हणून.

पुढे एका डिसेंबरात सगळं उलथलं.
आमची कार्डं अंगणात भिजून फुगली.
पुस्तकं फूटपाथवर आली, केळ्यांच्या शेजारी.
मला नाव माहीत नव्हतं, लिहिणारा माहीत नव्हता.
'ते, बर्फावरच्या बैलाचं,' असं विचारायचो.
विक्रेते मुलांच्या पुस्तकांकडे बोट दाखवायचे.

गेल्या हिवाळ्यात औषधांच्या दुकानात ती माझ्या पुढे उभी.
बोटं सांध्यांशी वाकलेली.
मागे वळली, ओळखलं मला,
आणि हातातली पिशवी छातीशी घेतली.
विचारायचं होतं.
चाळीस वर्षं तेवढंच एक विचारायचं होतं.
'तुम्ही व्हा पुढे,' ती म्हणाली, 'मला घाई नाही.'
मी पुढे झालो. गोळ्या घेतल्या, सुटे पैसे दोनदा मोजले.
बाहेर नदी वाहत होती.
हल्ली गोठत नाही ती.