पीचच्या लाकडाची नळी

हजेरीपटावर आम्ही खाली-वर असतो.
वर ती, मा-न्थोफेला.
खाली मी, न्थोफेला.

आमच्या डोंगरांत बाईचं मूल जगलं
की ती त्याच्या नावाने ओळखली जाते.
माझ्याआधीचे दोघे जगले नाहीत.
म्हणून मी न्थोफेला, म्हणजे नुसतीच एक वस्तू.
मरणाने दारात येऊन विचारावं, घरात कोण आहे,
आणि आतून कुणी म्हणावं,
कोणी नाही, पडलीय एक वस्तू.
तेव्हापासून अख्खं मोखोत्लोंग
माझ्या आईला वस्तूची आई म्हणून हाक मारतं
आणि ती ओ देते, हातमोजे चढवता चढवता.

मला सुईण व्हायचं नव्हतं.
मला मासेरूच्या बँकेत काचेमागे बसायचं होतं.
रात्री तट्टाच्या टापा वाजल्या
की कळायचं, आज लापशी आपली आपणच शिजवायची;
सकाळी ती यायची, ब्लँकेटला बर्फ चिकटलेला,
आणि मी शाळेला निघाले तरी
घोरत असायची, बूट तसेच पायात.
नर्सिंगचा फॉर्म तिने भरला असं मी सांगते.
ती सांगते, मी.

पहिल्या दिवशी म्हणाली,
इथे म्मे म्हणायचं नाही. सिस्टर म्हण.
आठवडाभरात घरीसुद्धा तोंडातून निघून गेलं,
सिस्टर, मीठ दे.
हसता हसता तिने अर्धं मीठ सांडलं.

तिने शिकवलं ते पुस्तकात थोडं होतं, थोडं नव्हतं.
हात आधी चहाच्या किटलीवर धर.
पोटाला सांग, मी येतेय, मगच लाव.
खाणीतून खोकत परतलेल्या नवऱ्याला
बाकावर बसवून ठेव,
पण त्याच्या थुंकीचा नमुना घेतल्याशिवाय सोडू नकोस.
आणि ही नळी:
आजोबांनी पीचच्या लाकडाची तासलेली,
एक तोंड पोटावर, एक कानाशी,
मधून हात काढून घ्यायचा.
हात लागला तर आपलीच नाडी ऐकू येते, म्हणायची,
आणि माणूस फसतो.

या जुलैत नळी ती माझ्याच हातात देऊ लागली.
दर खेपेला. तूच ऐक.
मी फुगले. वाटलं, बढती.

मग केनेउवे आली, दोन डोंगर ओलांडून,
नळाचं पाणी गोठलेलं, दिवा फडफडणारा.
मी कान लावला.
काही नाही.
अजून काही नाही.
मी तोंड उघडायच्या आत
आईने केनेउवेला डाव्या कुशीवर वळवलं होतं.
मी पुन्हा कान लावला,
आणि आला, लांबून, बर्फात पळणाऱ्या शिंगरासारखा.
तेव्हा लक्षात आलं,
इतका वेळ ती पोटाकडे पाहत नव्हती.
माझ्या तोंडाकडे पाहत होती.

पहाटे ती सिंकपाशी कात्र्या धूत होती.
पाठीमागून हळूच म्हटलं, म्मे.
वळली नाही. नियम असेल.
म्हटलं, सिस्टर.
तरी नाही.

यावर आम्ही बोललेलो नाही.
मी विचारत नाही, ती सांगत नाही,
मासेरूला कान तपासायला ने असंही कुणी म्हणत नाही,
जरी रस्ता मोकळा झाला की
मी तिला नेणार आहे, ओढत न्यावं लागलं तरी.
तोवर असं चाललंय:
मी वाकते, कान नळीला,
उजव्या हाताची दोन बोटं तिच्या मनगटावर,
आणि आतून जसा येईल तसा
ठोका तिला देते.
टक टक टक टक.
बाजेवरच्या बाईला वाटतं, पोरगी घाबरलीय,
आईचा हात सोडत नाही.

ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजते.
मग रजिस्टर ओढून
तिरक्या अक्षरात लिहिते, एकशे अडतीस,
आणि खाली सही करते.
माझंच नाव,
आधी तिचं एक अक्षर.