पार्सली

सुलेमाच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला
तेव्हा वही माझ्याकडे आली.
निळा पुठ्ठा, चौकटींचे कागद,
कोपरे तेल पिऊन पारदर्शक झालेले.
"सोमवारपासून तू लिही," ती म्हणाली,
"आणि सात नीट काढ.
तुझा सात एकासारखा दिसतो."

अडतीस वर्षं मी रोसारिओच्या आगारात
बसची इंजिनं उघडली.
कुठला नट किती पिळायचा, बोटांना माहीत होतं.
अर्धा किलो कांदा कितीला, माहीत नव्हतं.

सोमवार. मसुराचा रस्सा. गाजर दोन, चोरिझो एक, तिघांत.
मंगळवार. सोमवारचाच, पाणी वाढवून.
बुधवारी नात आली, म्हणून मिलानेसा.
पिलारला सर्वात मोठा तुकडा, हेही लिहायचं का?
"लिही. खाल्लं ना तिनं?"
गुरुवार मी विसरलो.
रात्री दोघं आठवत बसलो, काय होतं ताटात.
आठवेना.
"वहीत नाही ते पोटातही नाही," ती म्हणाली
आणि दिवा मालवला.

अंड्यांचा ट्रे गेल्या शनिवारी चार हजार,
आज चार हजार सहाशे.
भाजीवाला एर्मिनिओ भाव खडूनं लिहितो,
रंगानं लिहिणं त्यानं केव्हाच सोडलं.
मी बेरीज करतो आणि हातचा विसरतो.
ती चुलीपाशी, पाठमोरी,
न बघता सांगते: हातचा दोन.

मग एका दुपारी, ती झोपलेली असताना,
मी कपाटातल्या जुन्या वह्या काढल्या.
एका वर्षी शून्यं इतकी वाढलेली
की चौकटीत मावत नव्हती,
शेजारच्या चौकटीत पाय पसरून बसलेली.
पुढे कधीतरी सरकारनं चार शून्यं पुसली.
पावाचं वजन तेवढंच राहिलं.

आणि प्रत्येक शुक्रवारी, शेवटच्या ओळीत,
पार्सली.
पैसे थोडेच, पण दर आठवड्याला.
आगार बंद होतं त्या हिवाळ्यात
मांस नाही, चीज नाही,
कॉफीच्या जागी नुसती रेघ.
पार्सली मात्र आहे.

पण पार्सलीचे पैसे कोण घेतं?
चार टोमॅटो घ्या, एर्मिनिओ स्वतःच्या हातानं
जुडी पिशवीत खोचतो.
त्याचा बापही खोचायचा.

ती उठली. मी मातेचं भांडं भरलं, तिच्या हातात दिलं.
"सुलेमा, पार्सली?"
तिनं नळी तोंडात धरली, तळाशी आवाज होईपर्यंत ओढलं.
"लॉटरी," ती म्हणाली. "शेवटचे दोन आकडे. बावीस."

बावीस म्हणजे वेडा,
हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक.
"लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात
तू माझ्या स्वप्नात आलास,
टेबलावर चढून बसची घंटी वाजवत होतास.
बाजूलाच घोरत होतास, तरी आलास."
"कधी लागला?"
"तीनदा.
फ्रिज आठवतो? तुला वाटलं,
तुझ्या ओव्हरटाइमचा."

इतकी वर्षं बाई हातचं राखून होती,
आणि मी चारचौघांत सांगत होतो
आमच्या घरी पैन् पैचा हिशोब असतो!
रागावणार होतो खरा.
फ्रिज तेवढ्यात घुरघुरला.

आज एकोणतीस तारीख, म्हणजे न्योकी.
तिनं बोटांनीच बटाटे कुस्करले,
काट्याच्या पाठीवर एकेक वळला,
माझ्यापेक्षा सरळ.
रीतीप्रमाणे प्रत्येकाच्या ताटाखाली एक नोट.
तिनं ताट उचलून नोट चाचपली,
"कितीची?"
"मोठी आहे," मी म्हणालो.
तिनं पुन्हा विचारलं नाही.

जेवण झाल्यावर लिहायला बसलो.
बटाटे दीड किलो. मैदा. अंडं एक. लोणी, जरा जास्तच.
सकाळी कोपऱ्यावरच्या खिडकीशी
मी रांगेत उभा होतो हे तिला सांगितलं नाही.
काउंटरवरच्या पोरीनं विचारलं, कुठला नंबर,
आणि माझ्याकडे बघून हसली,
बहुतेक उगाच.

शेवटची ओळ: पार्सली, सातशे.
सात नीट काढला.