शुक्रवारी चार लागले

या शुक्रवारी चार लागले.
पहिला हिंदी, तीन तासांवर अकरा मिनिटं.
नायक पुलावरून पडतो
आणि पडता पडता गॉगल लावतो.
सीताबर्डीच्या पोट्ट्यांनी शिट्ट्या मारल्या.
मीही मारली असती, पण मांडीवर वही होती.
अडीच तारे.

दुसरा दक्षिणेकडचा, डब केलेला.
ओठ मिटले तरी वाक्य चालतच राहतं,
उतारावर सुटलेल्या हातगाडीसारखं.
खलनायकाचा आवाज मात्र अस्सल,
इतवारीतला अडत्या भाव पाडतो तेव्हाचा.
तीन. त्यातला अर्धा त्या आवाजाचा.

तिसरा भुताचा.
इंटरव्हलपर्यंत भूत आलंच नाही.
एसी बंद, मे महिना, बाहेर पंचेचाळीस.
त्यालाही वाटलं असेल,
कायले जाऊ बापा एवढ्या उनात.
एक.

चौथा.
चौथ्याची जागा कायम शेवटी, जाहिरातीला चिकटून.
चंद्रप्रभा टॉकीज, सव्वाबाराचा खेळ, दिवसाला एकच.
पोस्टर पानठेल्याच्या मागे,
नायिकेच्या कपाळावर कूलर दुरुस्तीवाल्याचा नंबर.
डोअरकीपर गुलाबराव नेवारे म्हणाले,
पाच तिकिटं फाटली तरच मशीन सुरू होते, मॅडम.
आम्ही तिघं.
एक तिकीट त्यांनी स्वतःच्या खिशातून फाडलं,
एक पानठेल्यावरच्या पोट्ट्याच्या नावावर.
तो कात हलवायची काडी हातात घेऊनच आत आला.

चित्रपट भिवापूरकडचा, मिरचीच्या सातऱ्यावरचा.
पडदाभर लाल ढीग,
आणि ढिगामागे रांगेनं बसलेल्या बायका, पदर नाकावर.
कथा त्यांची नाही. कथा मालकाच्या मुलाची,
तो शहरातून येतो, खिडकीत उभा राहून फार विचार करतो.
मी वहीत लिहिलं : संथ.
मग खोडलं, लिहिलं : संयत.
मग तेही खोडलं.

तेवढ्यात दोन खुर्च्या सोडून बसलेली बाई
एकदम उठून उभी राहिली.
पडद्यावर फक्त एक हात होता,
मिरचीचं देठ खुडत होता.
एक, दोन, तीन, चार मिरच्या.
मग खिडकी, मग तो मुलगा, मग ढग.
"पाह्यला का बाई? थो हात माहा हाये."
मागून गुलाबराव म्हणाले, "बसून घ्या मावशी."
मागं बसलेलंच कोणी नव्हतं, तरी म्हणाले.

रेवताबाई खोब्रागडे. पहाटेच्या एसटीनं आलेल्या.
पिशवीत भाकरी, कांदा आणि तिकिटाचा तुकडा, घडी घालून.
"दोन दिवस बसवलं आम्हाले.
सतरा खेपा खुडाले लावलं, त्याइचं समाधान होये ना.
चेहरा बी घेतला होता जी.
हासली होती मी. थो कापला वाट्टे."
शेवटपर्यंत बसल्या, नावं वर सरकताना सुद्धा.
त्यांना वाचता येत नव्हतं. मी वाचत राहिले, मोठ्यानं.
लाइटवाले होते, जेवणवाले होते,
मालकाच्या कुत्र्याचंही नाव होतं.
शेवटी ओळ आली : आणि समस्त ग्रामस्थ.
"यात मी आली का?"
आलात, मी म्हटलं.

रात्री साडेतीनशे शब्द पाठवले.
त्यातले एकशे दहा त्या हाताचे :
अंगठ्याजवळचा जुना चटका,
नखांत बसलेला लाल रंग,
चौथ्या मिरचीपाशी किंचित थांबलेली बोटं,
जणू कॅमेरा बंद झाला असं वाटून.
साडेदहाला डेस्कवरून फोन.
कोचिंग क्लासची पाव पान जाहिरात आलीये, शंभर शब्द काढा.
कुठले काढू, मी विचारलं.
त्यांनी विचार केला नाही.

शनिवारी छापून आलं.
गॉगलवाला फोटोसकट, भूतसुद्धा दोन ओळी जास्त घेऊन.
चौथा : भिवापूरच्या पार्श्वभूमीवरील संयत प्रयत्न.
तारे छापायचे राहून गेले.

सोमवारी चंद्रप्रभावरून गेले तर
गुलाबराव शिडीवर, पोस्टर खरवडत होते.
अर्धं निघालं होतं. कूलरवाल्याचा नंबर निघत नव्हता.
"त्या मावशी काल पुन्हा आल्या होत्या," ते वरूनच म्हणाले,
"सूनबाईले घेऊन. दोघीच.
मंग काय, मी तीन फाडले."